धुरपताबाईचं एकटीचं पंचमंडळ

धुरपताबाईच्या हातून आमच्या उमरटोल्यात दीडेकशे पोरं जन्माला आली आणि एक पंचमंडळ. पोरांपैकी काही नालायक निघाली. त्यांची नावं घेत नाही, कारण त्यातला एक माझा व्याही आहे. पंचमंडळ मात्र चांगलं निघालं. अजूनही केशोरीच्या रस्त्यानं जाताना तलावाखालचा हिरवा धान दिसला, की मी त्या बाईला मनातल्या मनात हात जोडतो. ती होती तेव्हा उघड जोडायची सोय नव्हती. हात जोडणाऱ्याला ती विचारायची, "काऊन रे, काय पाह्यजे?"

ती मूळची गोंदियाजवळच्या मुर्रीची. लग्न होऊन आमच्याकडं आली, चार वर्षांत नवरा गेला, दिरांनी जमीन वाटून घेऊन नातं तोडलं आणि तिच्या वाट्याला एक गवताची खोपडी आणि सासूनं शिकवलेलं सुईणपण आलं. त्यात तिनं कोंबड्यांची भर घातली. पाहुणा आला, नवस फेडायचा असला, की गाव तिच्या दारात. पिलू जरा मोठं झालं, की त्याच्या डाव्या पायाच्या मागच्या बोटाचं नख ती कात्रीनं तिरपं उडवायची. गावातल्या नाळा कापल्या तीच कात्री, असं माझी आजी सांगायची. आजीचं आणि तिचं पटत नव्हतं, तेव्हा खरंखोटं तुम्ही ठरवा.

आता तलावाचं सांगतो, कारण सगळी भानगड पाण्याची होती.

आम्ही कोहळी. तलाव बांधावा तर आमच्याच आज्या-पणज्यांनी. आमच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, गावातल्या एकेका घरानं डोक्यावरून माती वाहिली आहे. तलावातलं पाणी नहरात सोडायचं जे दगडी तोंड, त्याला आम्ही तुडुम म्हणतो. मालगुजारीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, काळात तुडुमाचा लाकडी बुच काढायचा मान पाणकर बकारामचा. पाणकर म्हणजे पाणी वाटणारा. बकाराम कमी बोलायचा आणि पाणी बरोबर वाटायचा. मालगुजारी खालसा झाली, तलाव सरकारचा झाला, आणि एक दिवस तुडुमाच्या बुचाला साखळी आली, साखळीला कुलूप आलं आणि कुलपाबरोबर सरकारी कारकून श्यामलाल बाबू आला.

माणूस गोंदियाचा, बोलणं हिंदी, अंगानं गोल आणि स्वभावानं गोड. कुणावर ओरडला नाही कधी. फक्त त्याची चावी हरवायची.

"अरे भाई, चाबी तो यहीं रखी थी," असं म्हणून तो खिसे चाचपायचा, उशी उचलून पाहायचा, देवाच्या फोटोमागं हात घालायचा. बिचारा घामाघूम व्हायचा. मग एखादा कोंबडा त्याच्या अंगणात सोडला, की चावी जानव्यालाच सापडायची. नुसती कोंबडी दिली तर बांधी, म्हणजे धानाचा वाफा, अर्धी भरेपर्यंत पाणी. कोंबड्याबरोबर चिन्नोरचे तांदूळ दिले तर पुरी. असा सगळा हिशेब तोंडानं न बोलता गावाला समजला होता.

आणि हे कोंबडे यायचे कुठून? धुरपताबाईकडून! आषाढात पावसानं ओढ दिली, की तिच्या दारात रांग लागायची आणि कोंबड्याचा भाव दुप्पट व्हायचा. मी स्वतः दोन नेले. घासाघीस करायला गेलो तर म्हणाली, "भोजा, तुले कोंबडा नाई पाह्यजे, पानी पाह्यजे. पान्याचा भाव दे." तेव्हा मी तिला मनात भरपूर शिव्या घातल्या. त्या सगळ्या आज परत घेतो.

एकोणीसशे चोपन्नच्या आषाढात बकारामला राहवलं नाही. त्यानं कुणाकडून तरी लिहून घेऊन वरच्या कचेरीत तक्रार धाडली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. उत्तर म्हणजे काय, तर त्याचाच अर्ज, वर लाल शाईत शेरा: चौकशी करून अहवाल सादर करावा. आणि तो आला कुणाच्या हातात? श्यामलाल बाबूच्या! बाबूनं बकारामला बोलावलं, खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि अर्ज मोठ्यानं वाचून दाखवला.

"लिखा बहुत अच्छा है, बकारामजी. अब बताइए, मैं जाँच किसकी करूँ? अपनी?"

त्यानं अहवाल लिहिला की तक्रारीत तथ्य नाही, आणि खाली बकारामचाच अंगठा घेतला. बकारामच्या बांधीला त्यानंतर नऊ दिवस चावी सापडली नाही.

ही गोष्ट केशोरावांना लागली. केशोराव म्हणजे गोंदियाला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात जन्म घालवून गावी परतलेले गृहस्थ. आठ दिवसांचं शिळं वर्तमानपत्र ते ताज्या रागानं वाचत. त्यांनी देवळासमोर सभा बोलावली आणि म्हणाले, "ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती तपास, ही कुठली रीत? तक्रार ऐकणारा वेगळाच पाहिजे. कुणाच्या मिंध्यात नसलेला. आपण स्वतंत्र तक्रार-निवारण पंचमंडळ स्थापन करू. चौकशी ते करेल, आणि कागद मी स्वतः जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाच्या हातात देईन."

टाळ्या पडल्या. नाव लांब होतं, म्हणजे काम मोठं असणार, असं सगळ्यांना वाटलं.

आणि मग आम्ही काय केलं, ते लिहितानाही हसू येतं. आमच्याकडं नवं काही सुरू करायचं, विहीर असो की गणपती, तर नारळ सरकारी माणसाच्या हातून फोडायचा, ही रीत. गावात सरकारी माणूस एकच. तेव्हा श्यामलाल बाबूच्या विरुद्ध काढलेल्या पंचमंडळाचा नारळ आम्ही श्यामलाल बाबूकडूनच फोडून घेतला! त्यानं भाषणही केलं. "भ्रष्टाचार देश का दीमक है," म्हणाला. प्रसादाचं खोबरं सगळ्यांत जास्त त्यानंच खाल्लं.

पंच निवडायची वेळ आली तेव्हा खरी पंचाईत. केशोरावांनी अट घातली होती की पंचाची तलावाखाली जमीन नको आणि जमीनवाला सोयराही नको. एकेक नाव पुढं यायचं आणि एकेक गळायचं. मी गळलो, बकाराम गळला, पाटील गळला. शेवटी कुणीतरी विचारलं, "केशोराव, तुमची किती एकर?" आठ एकर! स्वतःच्याच मंडळातून केशोराव बाहेर पडले. चेहरा असा झाला की जणू हातातलं पार्सल फुटलं असावं.

सगळ्या गावात पाण्याशी देणंघेणं नसलेलं एकच माणूस निघालं. ते मागं बायकांत बसून सुपारी कातरत होतं.

"मी?" धुरपताबाई म्हणाली. "बाप्पा! मले वाचता येत नाई."

"वाचायला भोजराज आहे. तो चिटणीस. त्याला मत नाही," केशोराव माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले.

"मंग ठीक हाय. याले मत असते तर मी आली नसती."

ती उठली. अडकित्ता कमरेला खोवला. मग जे बोलली ते कुणाला अपेक्षित नव्हतं. "आजपासून पान्यासाठी कोंबडा मी कोनालेच विकनार नाई. पाहुन्यासाठी मागा, नवसासाठी मागा. खोटं बोलून नेला तर मले समजते."

टाळ्या पडल्या नाहीत. त्या पावसाळ्यात तिच्या चुलीला तोच एक आधार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. आणि खरं सांगू? अर्ध्या लोकांना काळजी वेगळीच पडली: आता कोंबडा आणायचा कुठून?

पहिली तक्रार आठ दिवसांत आली. नंदाबाईची.

नंदाबाई विधवा, एक मुलगी वच्छला, ती केशोरीला दिलेली. नहराच्या अगदी शेपटाला तिची दोन एकर. तिचे परे, म्हणजे धानाची रोपं, महिन्यापलीकडे गेले होते. परे म्हातारे झाले, त्यांनी कांडं धरलं, की मग रोवून उपयोग नाही. वर्षाचं पोट गेलं. पाऊस बारा दिवस बेपत्ता. चिखल करायला बांधीत पाणी हवं आणि चावी हरवलेली.

"एक कोंबडा देऊन टाक ना वो," मीच तिला म्हणालो होतो. चिटणीस असून!

ती माझ्यावर अशी फिरली की मी दोन पावलं मागं सरलो. "माह्या आज्यानं या पाळीवर माती वाह्यली. खांद्याले घट्टे पडले होते त्याच्या. माह्याच पान्याले मी कोंबडा देऊ? परे सुकले तं सुकले!"

सुकत चाललेच होते. टोकं पिवळी पडली होती. आणखी चार दिवस, फार तर पाच.

धुरपताबाईनं तक्रार ऐकून घेतली आणि सांगितलं, "उद्या सकाळी पाळीवर बसू. जिथून पानी दिसते तिथं. बाबूले बी सांगा. त्याच्या तोंडासमोर बोलाचं, मागं नाई."

सकाळी सारा गाव पाळीवर. श्यामलाल बाबूची चौकी पाळीलाच लागून, अंगणाला कुडाचं कुंपण. तो धुतलेला सदरा घालून आला. त्यानं धुरपताबाईला वाकून नमस्कार केला. "बुढ़ी माई, आप तो हमारी माँ जैसी हैं. पूछिए."

"तू पान्यासाठी कोंबडे घेतले का?"

"प्रतापगड के महादेव की कसम, एक पंख भी नहीं! किसी ने देखा हो तो बोले."

कोण बोलणार? ज्यानं पाहिला, तोच देणारा. पुन्हा चावी त्याच्याच जानव्याला. मी तलावातली कमळं मोजू लागलो. बकाराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. नंदाबाई एकेकाच्या तोंडाकडं पाहत होती, आणि एकेक तोंड दुसरीकडं वळत होतं. श्यामलाल बाबू हसला. हसणंही त्याचं गोडच.

धुरपताबाईनं मोठा वाद घातला नाही. तिनं बरोबर आणलेलं सूप उचललं, त्यात मूठभर कणी होती. सूप दोनदा झटकलं आणि आवाज दिला, "टी टी टी टीऽऽ!"

बाबूच्या अंगणात धांदल उडाली. कुडावरून आधी एक लाल कोंबडा आला, पंख फडफडवत. कुडाच्या खालून दोन काळ्या कोंबड्या. मग एक उलट्या पिसांची. मग एका दमात तीन. लोकांनी वाट सोडली. सगळी फौज पाळीवरून तुरुतुरु पळत येऊन धुरपताबाईच्या पायाशी कणी टिपू लागली. मी मोजले: अकरा. बाबूनं खाल्ले ते वेगळेच.

हसावं की नाही, कुणाला कळेना.

तिनं लाल कोंबडा उचलला, त्याचा डावा पाय वर करून सगळ्यांना तिरपं नख दाखवलं. "हा माह्याच घरचा. हा मी बाबूले नाई विकला. बकाराम, हा सभेच्या आधी तुह्या घरी गेला होता का नाई? तुले पाहुना येनार होता मने. कुठं हाय तो पाहुना?"

बकारामनं वर पाहिलं. उकरलेली माती पायानं सारखी केली. मग म्हणाला, "दिला. मीच दिला. पान्यासाठी."

"ही काळी?" पाटलाची सून पदर तोंडात घालून म्हणाली, "आमची."

"हे दोन?" तिनं माझ्याकडं पाहिलं. कागद माझ्या हातात, लेखणी माझ्या हातात. चिटणीसानं स्वतःचं नाव स्वतःच लिहायचं, यासारखी फजिती नाही. लिहिलं. अकराही कोंबड्यांचे मालक एकामागं एक बोलले, आणि बोलून झाल्यावर त्यांच्या माना जरा सरळ झाल्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

श्यामलाल बाबूचं हसू कुठं गेलं ते त्यालाच कळलं नाही.

"आता माहं लिही," धुरपताबाई मला म्हणाली.

"तुमचं काय?"

"लिही. धुरपताबाईनं हे सारे कोंबडे दुप्पट भावानं विकले. कायले जाऊन राह्यले ते तिले माहीत होतं. तरी विकले. तिचं पोट त्यावर चाललं."

केशोराव पुढं झाले. "अहो बाई, हे लिहायची गरज नाही. मंडळाची शोभा जाईल."

"केशोरावजी, माही शोभा कोंबडीच्या खुराड्यात हाय. लिही रे भोजा."

लिहिलं. मग ती म्हणाली, "आता हे बी लिही, का मागच्या भादव्यात पाळ झिरपाले लागली तवा बाबू भर पावसात कंबरभर पान्यात उतरला होता. पोते टाकले होते त्यानं. गाव वाचला. ते बी खरं हाय."

श्यामलाल बाबूनं झटकन मान वर केली. ही गोष्ट कुणी काढेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. गावानं तर ती सोयीस्कर विसरली होती. त्याचे डोळे भरले की घाम डोळ्यांत गेला, याबद्दल आमच्याकडं दोन पक्ष आहेत. मी पहिल्या पक्षाचा.

"कागद आज केशोराव घेऊन जाईल," ती त्याला म्हणाली, आता जरा हळू. "शेवटी एक ओळ कोरी ठेवली हाय. चावी सापडली का नाई, ते लिहाले. काय लिहू?"

बाबू उभा होता. पाळीच्या एका बाजूला तलाव चमकत होता, दुसऱ्या बाजूला दूरवर नंदाबाईचे पिवळे परे. त्यानं सदऱ्याच्या गळ्यात हात घातला, जानव्याची गाठ सोडली आणि चावी धुरपताबाईच्या सुपात ठेवली. एक कोंबडी ती टिपायला धावली.

"लिख दो भाई," तो मला म्हणाला. "मिल गई."

बुच बकारामनं काढला. तीन वर्षांनी काढला. पाणी नहरात धावलं तसा पुढच्या बांधीवाल्यांनी फावडी उचलली, पण बकाराम ओरडला, "थांबा! जुनी रीत विसरले का? शेपटापासून!" जुन्या काळी पहिलं पाणी नहराच्या शेवटच्या बांधीला जायचं, मग वर वर यायचं. तेव्हा नंदाबाईच्या बांधीला संध्याकाळपर्यंत पोटरीभर पाणी झालं. दुसऱ्या दिवशी चिखल आणि तिसऱ्या दिवशी रोवणी. परे वाचले.

कागद गेला, जिल्ह्याहून साहेब आला, त्यानं चौकशी केली. चांगल्या कामाची ओळ वाचून त्यानं श्यामलाल बाबूला नोकरीवरून काढलं नाही, दुसरीकडं बदललं. पुढं मला तो गोंदियाच्या बाजारात भेटला होता. "बुढ़ी माई कैसी है?" हाच पहिला प्रश्न. म्हणाला, नव्या जागी मी चावी दारावरच्या खिळ्याला टांगतो, सगळ्यांना दिसेल अशी. मी त्याला चहा पाजला. पैसे त्यानंच दिले. द्यायचा हक्क त्याचाच होता म्हणा.

मंडळ पुढं सहा वर्षं चाललं. मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना अडवणारा जंगलातला शिपाई तिथं आला, देवीची लस टोचायला आलेला आणि तांदूळ मागणारा माणूस आला. सगळ्यांशी पद्धत तीच: तोंडासमोर बोला, देणाऱ्यानं आपलं नाव आधी सांगा, आणि समोरच्याचं एखादं चांगलं काम असेल तर तेही लिहा. काही वेळा वरून काहीच उत्तर आलं नाही. तरीही लोक यायचे. ऐकून घेणारं माणूस कुणाच्या मिंध्यात नाही, एवढ्यानंच अर्धं दुखणं उतरायचं.

पण नंदाबाईचं राहिलंच.

धान कापला, मळला आणि ती पायलीभर चिन्नोर डोक्यावर घेऊन धुरपताबाईच्या खोपडीत गेली. धुरपताबाईनं दारातूनच परत लावली. "मी पंच हाय वो. आज तुहा तांदूळ खाल्ला तं उद्या तुही तक्रार कशी ऐकू?" लुगडं नेलं, परत. गुळाची भेली नेली, परत. नंदाबाई हट्टी, ते तुम्ही पाहिलंच. ती थांबून राहिली.

वैशाखात वच्छला पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. अडलेलं बाळंतपण होतं. दीड दिवस धुरपताबाई उठली नाही. मुलगी झाली, दोघी सुखरूप. सुईणीचा मान एक सूपभर धान, ही रीत. ती तर कुणी नाकारू शकत नाही. नंदाबाईनं बरोबर डाव साधला. तिनं सूप आणलं आणि त्यामागं बैलगाडीत एक भरलेलं पोतं.

धुरपताबाईनं सूप घेतलं. त्यातला धान हातानं सपाट केला, काठावरचा झटकला. पोतं तिथंच ठेवलं.

"हे सूप माह्या कामाचं. ते पोतं कायचं?"

"पान्याचं, मावशी," नंदाबाई म्हणाली. "तू नसती तं ही पोर या घरी आली नसती. मीच नसती राह्यली."

"पानी तुहंच होतं. तुह्या आज्याचं होतं. तुहीच वस्तू तुले भेटली, तं माहे उपकार कायले मानतेस?"

मी दारात उभा होतो, बाळाचं नाव काय ठेवता म्हणून विचारायला गेलो होतो. नंदाबाईच्या डोळ्यांतून पाणी, आणि तोंडातून राग. "काय बाई हाय! मानसानं आपल्या मनातलं ठेवाचं तरी कुठं? त्याले बी तू जागा ठेवली नाई!"

"जागा हाय ना," धुरपताबाई सूप काखेत मारून उठत म्हणाली. "उद्यापासून नहराचा गाळ काढाचा हाय. दरसाल माणसं कमी पडतात. तुही दोन एकर शेपटाले, तू मात्र तोंडापासून खोदजो. फावडा घेऊन ये." मग माझ्याकडं वळून, "तू बी येजो रे चिटनीसा. लई सावलीत बसून राह्यला."

दुसऱ्या दिवशी उजाडायला नंदाबाई नहराच्या तोंडाशी हजर होती. दुपारपर्यंत तिनं दोन पुरुषांइतका गाळ काढला, आणि मधूनमधून हसत होती. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मीही गेलो होतो. हाताला फोड आले, ते धुरपताबाईला दाखवले, तर म्हणाली, "बरं झालं."